ॲपल बोर आणि गुलाबाची वाटी

मागच्या माघात परतवाड्याच्या बाजारात ॲपल बोरांचे ढीगच्या ढीग लागले होते. पोपटी, गुळगुळीत, लहान सफरचंदाएवढी बोरं. विकणारा प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत होता, "सफरचंद अन् बोराचं कलम हाये भाऊ हे. अर्धं ते, अर्धं हे." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "म्हूनच तं एवढी मोठी हायेत!" हेच वाक्य मी नंतर एका लग्नाच्या पंगतीत ऐकलं, आणि बांधावर लावायला रोपं आणणाऱ्या एका शिकलेल्या शेतकऱ्याकडूनही ऐकलं. तेव्हा ठरवलं, की हे एकदा नीट लिहायचंच.

ॲपल बोरात सफरचंदाचा अंशही नाही. ती आपल्याच बोराची, थायलंडमधून आलेली मोठ्या फळाची जात आहे. सफरचंद आहे ते फक्त नावात, आकारामुळे आणि रंगामुळे.

मुळात कलमातून असं 'अर्धं-अर्धं' फळ होत नाही. हे कळायला आपल्याकडे प्रयोगशाळेची गरज नाही, वरुड-मोर्शीकडच्या कोणत्याही संत्रा बागायतदाराला विचारावं. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. पुढे ते झाड वर्षानुवर्षं जंभेरीच्या मुळांवर जगतं, तिनं ओढलेलं पाणी पितं, तरी फळ शंभर टक्के संत्र्याचंच लागतं. जोडावर दोघांच्या पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्या एकमेकींना मिळतात, पण पेशी आपापलं जनुकीय द्रव्य आपापल्याकडेच ठेवतात. शिवाय हा जोडही जवळच्या नात्यातच जमतो. संत्रं आणि जंभेरी एकाच लिंबू घराण्यातली. नाशपातीचं कलम बिही या फळझाडाच्या खुंटावर चालतं, कारण दोघी गुलाबाच्या कुळातल्या. सफरचंदाचा डोळा बोरीवर भरला तर तो वाळून जाईल.

जाता जाता एक सांगतो. अंगणातला कलमी गुलाब दोनेक वर्षं मोठी लाल फुलं देतो आणि मग एकाएकी त्याला बारकी, फिकी फुलं येऊ लागतात. लगेच कुणीतरी म्हणतं, नजर लागली, आणि मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. झालेलं एवढंच असतं, की जोडाच्या खालून खुंटाला फुटवा आला आणि त्यानं वरच्या कलमाला उपाशी मारलं. तो फुटवा लहान असतानाच मुळाशी माती उकरून ओढून काढला असता, तर मिरच्याही वाचल्या असत्या आणि गुलाबही.

असं असलं तरी बोराचं आणि सफरचंदाचं नातं आहे. बाजारात सांगत होते तसलं नाही, फार जुनं आणि फार लांबचं. ते समजून घ्यायला सुरुवात गुलाबापासून करावी लागते.

गुलाबाच्या नावानं ओळखलं जाणारं कुळ फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ आंत्वान लोरां द ज्युसिय यानं १७८९ साली रीतसर मांडलं. आज त्यात सुमारे तीन हजार जाती मोडतात. सफरचंद, नाशपाती, आलुबुखार, पीच, जर्दाळू, चेरी, बदाम, लोकाट, स्ट्रॉबेरी, रास्पबेरी ही सगळी त्यातली. घराणं मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या थंड मुलखातलं, म्हणून विदर्भाच्या खेड्यात त्याची ओळख फळांच्या पेटीतूनच होते. सफरचंदाच्या डोळ्यांना हिवाळ्यात पुरेसे तास थंडी मिळाली नाही तर ते नीट फुटतच नाहीत. आपल्या गावात उन्हाळ्याला पुरून उरतो तो हौदाच्या काठचा गावठी गुलाब, आणि अलीकडे चिखलदऱ्याच्या पठारावर, सुमारे अकराशे मीटर उंचीवर पिकणारी स्ट्रॉबेरी. (शाळेच्या आवारातला मोठ्या पानांचा 'बदाम' यातला नव्हे. तो हिरडा, बेहडा, अर्जुनाच्या कुळातला. नावावर जाऊ नये.)

काट्यावरही जाऊ नये. गुलाबाला काटा, बोरीला काटा, बाभळीला काटा, म्हणजे सगळी एकाच भावकीतली, असं पुष्कळांना वाटतं. लिंबाचा काटा ही आखडलेली फांदी असते, पानाच्या बेचक्यातून निघालेली, आतून लाकूड असलेली. बोरीचे काटे जोडीनं येतात, बहुधा एक सरळ आणि एक आकड्यासारखा. ती पानाच्या देठापाशी असणारी उपपर्णं आहेत, काट्यात बदललेली. बाभळीचंही तसंच. गुलाबाचा काटा मात्र निव्वळ सालीवरचा उंचवटा आहे. अंगठ्यानं आडवा दाबला की टक्कन निघतो आणि मागे लांबट, स्वच्छ वण राहतो. गुलाबाची उपपर्णं वेगळी शोधा, पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी चिकटलेली हिरवी झालर ती हीच. भरताच्या वांग्याच्या देठावरचे काटेही गुलाबासारखे सालीचेच. २०२४ साली असं दिसून आलं, की वांग्यात आणि गुलाबात हे काटे उगवतात ते एकाच घराण्यातल्या जनुकांमुळे. ही दोन झाडं नात्यानं एकमेकांपासून कोसो दूर आहेत, तरीही.

मग कुळ ओळखायचं कशावरून? फुलावरून. आणि मला या कुळात सगळ्यांत जास्त मोह आहे तो फुलाखालच्या वाटीचा.

एक गावठी गुलाब घ्या, वर्तमानपत्रावर ठेवा आणि एकेक पाकळी सोडवत जा. बाहेरच्या पाकळ्या रुंद, आत जाल तशा अरुंद होत जातात. अगदी मध्याजवळ एखादी पाकळी अशी मिळते, की तिची एक कड गुलाबी आणि दुसऱ्या कडेला परागांची पिवळी पिशवी चिकटलेली. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर! रानगुलाबाला पाकळ्या पाचच असतात आणि पुंकेसर पुष्कळ. माणसानं जपलेल्या भरगच्च गुलाबात 'इथून आत पुंकेसर' असं सांगणाऱ्या जनुकाची हद्द मध्याकडे सरकली, आणि ज्या जागी पुंकेसर व्हायचे तिथे पाकळ्या झाल्या. ती कडेला अडकलेली पिवळी पिशवी म्हणजे त्या हद्दीची खूण.

आता फुलाखालची हिरवी गाठ ब्लेडनं उभी चिरा. ती भरीव नसते, आत पोकळ असते, तोंड आवळलेल्या लोट्यासारखी. पाच निदलं, पाकळ्या, पुंकेसर, सगळे तिच्या काठावर उभे. आतल्या भिंतीवर आणि तळाशी बारीक लव असलेले अनेक सुटे अंडाशय, आणि त्यांचे दांडे लोट्याच्या तोंडातून बाहेर डोकावणारे. या लोट्याला शास्त्रात हायपॅन्थियम म्हणतात. आपण वाटी म्हणू.

ही एक वाटी कमीजास्त फुगवून या कुळानं किती तऱ्हेची फळं घडवली ते पाहा. गुलाबात वाटीच फुगते, लाल होते आणि कपाशीच्या कोवळ्या बोंडासारखं फळ दिसतं. आतले टणक दाणे ही खरी फळं. आलुबुखार, पीच, जर्दाळूत वाटीच्या तळाशी एकच अंडाशय असतो, तो वाटीला न चिकटता वाढतो आणि वाटी सुकून गळून जाते. तिथे गर येतो तो अंडाशयाच्या भिंतीचा. सफरचंदात वाटी आणि पाच अंडाशय एकजीव होतात आणि वाटी अफाट फुगते. आपण खातो तो गर बहुतांशी वाटीचा, आणि ज्याला आपण टाकाऊ गाभा म्हणून फेकतो ते खरं फळ.

खोटं वाटत असेल तर सफरचंद उभं न चिरता आडवं चिरा. मधोमध पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल, ते पाच अंडाशय. तिच्याभोवती, गरात, एका रिंगणात दहा हिरवट ठिपके दिसतील. पाच निदलांकडे गेलेल्या नळ्यांचे आणि पाच पाकळ्यांकडे गेलेल्या नळ्यांचे. पाकळ्या वसंतात गळून गेल्या, पण त्यांची पाण्याची वाट सफरचंदात तशीच राहिली. बुडाच्या खळग्यात वाळलेली निदलं आणि पुंकेसरांचे काळे धागेही सापडतील. कुणी म्हणेल, पेरूच्या बुडाशीही असंच असतं. खरं आहे, पण पेरू जांभळाच्या कुळातला. त्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि त्यांना उपपर्णं नसतात. गुलाबाच्या कुळात पानं बहुधा एकाआड एक येतात.

वाटी नेमकी कशाची, यावर वनस्पतीशास्त्रज्ञ खूप भांडले. निदलं, पाकळ्या, पुंकेसर यांची बुडं एकमेकांना चिकटून ती झाली, की फुलाचा दांडाच वर उचलून खोलगट झाला? निवाडा नळ्यांच्या मांडणीवरून करतात. बुडं चिकटून वाटी झाली असेल, तर नळ्या खालून वर सरळ जातील. दांडा आत दुमडला असेल, तर काही नळ्या आधी वर जाऊन मग उलट खाली उतरतील, आणि त्यांतले पाणी व अन्न वाहणारे भागही उलटे लागलेले दिसतील. गुलाबाच्या वाटीच्या खालच्या भागात अशा उलट्या नळ्या सापडतात, म्हणून तो भाग दांड्याचा आणि वरचा बुडांचा असं मानतात. सफरचंदात मात्र चिकटलेल्या बुडांचा पक्ष जड आहे. म्हणजे एकाच कुळात वाटी दिसायला एक, घडण वेगवेगळी. हा परिच्छेद अवघड गेला असेल तर सोडून द्या, दहा ठिपके तेवढे पाहा.

स्ट्रॉबेरीत वाटी बशीसारखी उथळ असते. तिच्या मधोमध दांड्याचं टोक घुमटासारखं वर येतं आणि त्यावर सगळे अंडाशय बसतात. तो घुमट फुगतो, तीच स्ट्रॉबेरी. वर टोचलेले पिवळे दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो, ती एकेक पूर्ण फळं आहेत आणि बी त्यांच्या आत आहे. घुमटाला फुगायचा हुकूम कोण देतं? १९५० साली नित्श या वनस्पतीशास्त्रज्ञानं कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे टोचून काढून टाकले. वाढ थांबली. एकच दाणा ठेवला, तर तेवढ्याच जागी टेंगूळ आलं. मग सगळे दाणे काढलेल्या स्ट्रॉबेरीला ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा लेप लावला, आणि ती दाणे असल्यासारखी फुगली. हुकूम दाण्यांकडून येत होता.

चिखलदऱ्याहून आलेल्या पेटीत एखादी वाकडी, एका अंगानं चेपलेली स्ट्रॉबेरी निघाली तर फेकू नका, डोळ्यांजवळ धरा. चेपलेल्या जागी दाणे बारीक, पोचट आणि एकमेकांना खेटून दिसतील. त्या अंडाशयांपर्यंत बहुतेकदा पराग पोचलेलाच नसतो. मधमाशी त्या बाजूला फिरली नाही, दाण्यात बी धरलं नाही, ऑक्सिन झालं नाही, गर फुगला नाही. फवारणीची वेळ ठरवताना हे फळ डोळ्यांसमोर असावं.

याच कुळाच्या बियांबद्दल मोबाइलवर एक घातक गोष्ट फिरते, जर्दाळूच्या कडू बियांतल्या 'व्हिटॅमिन बी-१७' नं कर्करोग बरा होतो म्हणून. असं कोणतंही जीवनसत्त्व नाही. तो पदार्थ म्हणजे ॲमिग्डालिन. बी चावली की त्यातून सायनाइड सुटतं. झाडानं ते बी खाणाऱ्याला हाकलायला ठेवलेलं असतं. गोड बदाम आपल्याला मिळाला तो हे विष बनवणं बंद पडलेली झाडं माणसानं निवडली म्हणून. या ॲमिग्डालिनच्या औषधाची अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९८२ साली आले. रोग हटला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं. घरात कुणी आजारी असेल तर कृपा करून या निरोपांच्या नादी लागू नका.

आता बोरीकडे येऊ. बोरीचं फूल हिरवट-पिवळं, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. भिंगाखाली धरलं की पाच निदलांची चांदणी दिसते. मधे मधानं चकाकणारी जाड चकती आणि खाली, हो, एक उथळ वाटी. पण पुंकेसर पाचच, आणि प्रत्येक पुंकेसर आपल्या पाकळीच्या समोर, तिच्या टोपीसारख्या खोळीत बसलेला. गुलाबाचे पुष्कळ पुंकेसर कुठे आणि हे पाच कुठे! द्राक्षाच्या फुलातही पुंकेसर असेच पाकळीसमोर असतात. तेवढ्यावरून बोराचं कुळ १९८१ च्या गाजलेल्या वर्गीकरणातही द्राक्षाबरोबर एकाच गणात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, बसवलं होतं.

१९९३ मध्ये हरितकणातल्या एका जनुकाची सुमारे पाचशे वनस्पतींत तुलना झाली आणि अशा पुष्कळ जुन्या जोड्या मोडल्या. द्राक्ष वेगळं पडलं, बोर गुलाबाच्या बाजूला आलं. १९९८ च्या नव्या वर्गीकरणापासून बोराचं कुळ गुलाबाच्याच गणात आहे. त्याच गणात वड, पिंपळ, उंबर, फणस, तुती, अगदी भांगही आहे. गणाच्या या शाखा एकमेकींपासून फुटल्या तेव्हा पृथ्वीवर डायनासोर होते. म्हणजे बोर गुलाबाच्या कुळातलं नाही, पण चुलतघराण्यातलं नक्की आहे. बोरन्हाणात लेकराच्या डोक्यावरून ओतलेली बोरं आणि पाहुण्यानं आणलेली सफरचंदं, यांची भेट तेवढ्या पिढ्यांनी होते.

हे सगळं मी त्या बाजारवाल्याला यंदा सांगितलं, अर्थात बरंच थोडक्यात. त्यानं हातातलं बोर फिरवून त्याचं बूड पाहिलं. सफरचंदासारखी वाळकी निदलं तिथे नव्हती, एवढुसा ठिपका होता. "अन् फूल कवा पाहाले भेटते मंग?" त्यानं विचारलं. म्हटलं, भाद्रपद-आश्विनात, सकाळी, पानांच्या बेचक्यात. भिंग घेऊन येतो, तुमच्याच शेतात पाहू.