विद्युत कसरती मॉडेल विमान : बांधणी आणि जुळणी

जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाने रेडिओ लहरींद्वारे नियंत्रित केलेले, बॅटरी व विद्युत मोटरच्या बळावर उडणारे आणि लूप (उभे वर्तुळ), रोल (लांबीच्या अक्षाभोवती गिरकी), स्पिन (गिरक्या घेत खाली येणे), उलटे उड्डाण, नाइफ-एज (एका पंखावर उभे राहून उड्डाण) यांसारख्या हवाई कसरतींसाठीच आखलेले छोटे विमान म्हणजे विद्युत कसरती मॉडेल विमान. शिकाऊ मॉडेल विमान हातातील रेडिओच्या काड्या सोडताच स्वतःहून सरळ व्हावे अशा बेताने बनवलेले असते. कसरती विमानाकडून याच्या नेमके उलट अपेक्षित असते. ते सरळ असो, उलटे असो वा एका पंखावर उभे असो, चालकाने ज्या स्थितीत ठेवले त्याच स्थितीत ते राहिले पाहिजे. म्हणून त्याच्या पंखाचा छेद वर-खाली सारखा, म्हणजे सममित असतो, पंखांची टोके वरच्या बाजूस जवळजवळ उचललेली नसतात आणि पंख, आडवी शेपटी व मोटर यांच्या रेषा बाजूने पाहता एकमेकींना समांतर ठेवलेल्या असतात.

विजेवर उडणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाचे पहिले नोंदलेले उड्डाण ब्रिटनमध्ये ३० जून १९५७ रोजी एच. जे. टॅपलिन यांच्या ‘रेडिओ क्वीन’ या विमानाने केले. रेडिओ-नियंत्रित कसरती विमानांची पहिली जागतिक स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधील ड्युबेनडॉर्फ येथे झाली. पुढे अनेक दशके कसरतींच्या क्षेत्रात इंधनाच्या इंजिनांचेच राज्य होते, कारण निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वजनाच्या मानाने फार थोडी ऊर्जा देत. लिथियम-पॉलिमर (लिपो) बॅटरी आणि ब्रशलेस मोटर २००० नंतर आवाक्यात आल्या तेव्हा हे चित्र पालटले. आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या एफ-थ्री-ए या वर्गात विमानाची लांबी व पंखविस्तार प्रत्येकी २ मीटरपर्यंत असू शकतो, पण हौशी मंडळी बहुधा १ ते १.४ मीटर पंखविस्ताराचे विमान बांधतात. पुढील विवेचन प्रामुख्याने त्या आकाराला आणि नाशिकच्या परिसराला लागू आहे.

सामग्री आणि सांगाडा : बाल्सा हे या कामाचे जुने आणि आजही सर्वोत्तम लाकूड. त्याची घनता साधारणपणे दर घनमीटरला १०० ते २०० किलो असते आणि एकाच गठ्ठ्यातील दोन फळ्यांतही मोठा फरक आढळतो, त्यामुळे कापण्यापूर्वी प्रत्येक फळी वजन करून पाहण्याची सवय असावी. शेपटीसाठी सर्वांत हलक्या फळ्या ठेवाव्यात, कारण शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमला नाकात अडीच-तीन ग्रॅमचा भुर्दंड पडतो. फायरवॉल (नाकात मोटर बसवायची फळी), चाकांची बैठक आणि पंखाच्या नळीचा आधार येथे प्लायवुड, तर स्पारसाठी (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यासाठी) कार्बनच्या पट्ट्या वापरतात. नकाशा तयार असेल तर रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी) लेसरवर कापून घेता येतात. नाशिकसारख्या, सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहती असलेल्या शहरात हे काम करून देणारा कारागीर शोधणे अवघड नाही, फक्त ॲक्रिलिकची सवय असलेल्या माणसाला बाल्सासाठी लेसरची ताकद कमी ठेवावी लागते हे आधी सांगावे लागते, नाहीतर कडा कोळसा होऊन येतात. सुरुवात करणारे विद्यार्थी जाहिरात-फलकांचा सनबोर्ड आणि रंगीत चिकटपट्टी यांवर भागवतात. त्यात गैर काही नाही, मात्र सनबोर्डाचा पंख पिळवटतो आणि पिळवटणाऱ्या पंखावर केलेली कोणतीही जुळणी दुसऱ्या उड्डाणापर्यंत टिकत नाही.

सांगाडा सपाट फळीवर, नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून, टाचण्यांनी धरून जोडतात. पातळ सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे बाजारातल्या फेविक्विकच्या जातीचा, बाल्साच्या सांध्यात झटकन शिरतो. फायरवॉलसारख्या धक्का खाणाऱ्या ठिकाणी मात्र इपॉक्सीच हवे. थर्माकोलच्या जातीच्या फोमला साधा सायनोॲक्रिलेट विरघळवतो, म्हणून त्यासाठी फोम-सेफ गोंद घ्यावा. वर गरम इस्त्रीने ताणून बसवायची फिल्म चढवतात. पावसाळ्यात बांधलेल्या सांगाड्यावर घाईने फिल्म चढवली तर दमट लाकूड नंतर सुकते आणि डिसेंबरमध्ये फिल्मला सुरकुत्या पडलेल्या व एखादा पंख किंचित वळलेला सापडतो. नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टला लाकूडकाम आणि ऑक्टोबरमध्ये फिल्म, हा क्रम सोयीचा पडतो.

बिजागरी हा भाग लहान असूनही तपशिलाने पाहण्यासारखा आहे. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा), एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा, नाक वर-खाली करणारा) आणि रडर (उभ्या शेपटीचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा) या हलत्या पृष्ठभागांसाठी तंतुमय पट्टीच्या बिजागऱ्या वापरल्या तर पट्टीच्या मध्यभागी एक टाचणी आरपार खोचतात, म्हणजे ती दोन्ही खाचांत सारखी शिरते. मग पृष्ठभाग जागेवर भिडवून टाचणी काढायची, तो एका बाजूस पूर्ण वाकवायचा आणि उघड्या पडलेल्या पट्टीवर पातळ गोंदाचे तीन-चार थेंब सोडायचे. विमान उलटे करून तेच दुसऱ्या बाजूने करायचे. गोंद पूर्ण वाळल्यावर पृष्ठभाग ओढून पाहायचा, आणि हा ओढा संकोच न करता द्यायचा. मधली फट कागदाच्या जाडीपेक्षा जास्त राहिली तर तिच्यातून हवा गळते, पृष्ठभागाचा प्रभाव कमी होतो आणि वेगात फ्लटरचा, म्हणजे फडफडून तुटण्याचा, धोका वाढतो. म्हणून खालच्या बाजूने पारदर्शक चिकटपट्टीने फट बुजवतात.

शक्तिसंच : कसरतींसाठी दर किलो वजनामागे ३५० ते ४५० वॅट आणि विमानाच्या वजनाच्या दीडपट स्थिर ओढ (विमान जागेवर धरले असता मिळणारी ओढ) असावी असा ढोबळ नियम आहे. हॉवर करण्यासारख्या, म्हणजे नाक वर करून हवेत जागीच टांगून राहण्यासारख्या, ‘थ्री-डी’ कसरतींना याहून जास्त लागते. उदाहरणार्थ, १.३ किलोच्या विमानाला ८०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ८०० फेरे) आउटरनर (बाहेरचे कवच फिरणारी) मोटर, चार सेलची २२०० एमएएच लिपो आणि १२×६ इंचाचा (व्यास × पिच) प्रॉप, म्हणजे प्रोपेलर, दिला, तर पूर्ण थ्रॉटलला सुमारे ४० अँपिअर म्हणजे साधारण ५५० वॅट खेचले जातात आणि ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक) निर्धास्त चालतो. मोटरच्या डब्यावर छापलेल्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा वॉटमीटर जोडून स्वतः मोजावे. त्याची किंमत एका जळालेल्या ईएससीपेक्षा कमी असते.

येथे नाशिकची उंची विचारात घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. डिसेंबरच्या सकाळी १० अंश सेल्सिअसला येथील हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी विरळ असते, पण मे महिन्यात दुपारी ३८ अंशांना हा फरक १३-१४ टक्क्यांवर जातो. त्याच फेऱ्यांना प्रॉपची ओढ तेवढ्याच प्रमाणात घटते. मोटरवरील भार हलका झाल्याने फेरे थोडे वाढतात आणि काही तूट भरून निघते, पण सगळी नाही. उतरण्याचा वेगही सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उत्तम चालणारा संच येथे उन्हाळ्यात मरगळलेला वाटतो तो यामुळे. वॉटमीटर पाहून प्रॉप एक इंचाने मोठा करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. मोटर व ईएससी यांना थंड हवा मिळावी म्हणून नाकाकडे जेवढे तोंड ठेवले असेल त्याच्या निदान दीडपट वाट मागे बाहेर पडायला ठेवावी. आत शिरलेली हवा बाहेर पडली नाही तर ती थंडावा देत नाही.

जुळणी : जुळणीत आधी भूमिती, मग यंत्रणा आणि शेवटी रेडिओ असा क्रम पाळावा, आणि या नोंदीतील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. आजच्या रेडिओत सब-ट्रिम (मध्यस्थितीची बारीक दुरुस्ती), मिक्स (एका काडीने दोन पृष्ठभाग हलवणे), एंडपॉइंट (हालचालीची शेवटची हद्द) अशा इतक्या सोयी आहेत की लाकडातील वाकडेपणा आकड्यांनी झाकण्याचा मोह होतो. तो झाकला जातो, पण एका वेगापुरताच. वेग बदलला की पुन्हा उघडा पडतो. म्हणून प्रथम पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या टोकापर्यंतची अंतरे दोऱ्याने मोजून सारखी करावीत, पंख व आडवी शेपटी यांचे कोन अंशमापकाने शून्य-शून्य आहेत हे पाहावे आणि मोटरला २ ते ३ अंश उजवा झुकाव द्यावा. प्रॉपमागील पिळदार झोत उभ्या शेपटीवर एका बाजूने आदळून नाक डावीकडे ढकलतो, त्याची भरपाई हा झुकाव करतो.

यानंतर सर्व्हो, म्हणजे पुशरॉड या काडीने पृष्ठभागावरील हॉर्न (छोटी भुजा) ओढून तो हलवणारी छोटी मोटर. रिसीव्हरला वीज देऊन, काड्या मध्यावर आणि ट्रिम (काडी न हलवता पृष्ठभाग किंचित सरकवण्याची सोय) शून्यावर ठेवून, सर्व्होचा हात पुशरॉडशी काटकोनात येईल अशा दात्यावर बसवावा. नेमका काटकोन न मिळाल्यास हात उलटा करून किंवा त्याची दुसरी भुजा वापरून पाहावी, कारण दात्यांची संख्या विषम असली की प्रत्येक भुजा किंचित वेगळ्या कोनात बसते. उरलेला अर्धा-एक अंश तेवढा सब-ट्रिमला सोडावा. पुशरॉड सर्व्होच्या बाजूला आतल्या आणि हॉर्नच्या बाजूला बाहेरच्या भोकात लावला तर सर्व्होचा पूर्ण पल्ला वापरला जातो व जोरही वाढतो. सर्व्होवर बाहेरचे भोक घेऊन रेडिओत पल्ला ४० टक्क्यांवर आणणे म्हणजे घेतलेल्या सर्व्होची निम्मी अचूकता टाकून देणे होय. या सगळ्या कामात प्रॉप काढून ठेवलेला असावा. टेबलावर अचानक सुरू झालेल्या मोटरने बोटे कापल्याचे प्रकार या छंदात सर्वत्र घडतात.

हालचालींचे आकडे चालकागणिक बदलतात. पहिल्या उड्डाणासाठी एलेरॉन १५ अंश, एलिव्हेटर १२ अंश व रडर २५ अंश आणि सुमारे २५ टक्के एक्स्पो (काडी मध्याजवळ असताना हालचाल सौम्य ठेवणारी सोय) पुरे होतात. थ्री-डीसाठी दुसऱ्या स्विचवर एलेरॉन ३० ते ३५ अंश, एलिव्हेटर व रडर ४५ अंशांपर्यंत आणि त्या प्रमाणात ५०-६० टक्के एक्स्पो ठेवतात. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा असतो. संपर्क तुटल्यास थ्रॉटल बंद व्हावा असा फेलसेफ लावून, तो ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष तपासावा.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजता त्याच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर येतो. पहिल्या खेपेस तो २५-२८ च्या जवळ, म्हणजे पुढे, ठेवणे सुरक्षित. तो साधण्यासाठी शिसे चिकटवण्याआधी बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहावी. बॅटरीचा कप्पा लांब ठेवण्याचे कारण तेच. डाव्या-उजव्या पंखांचा तोलही पाहावा आणि हलक्या टोकात एखादा खिळा पुरावा. लूप वाकडी जाण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

उड्डाणातील चाचणी : विमान आधी अर्ध्या थ्रॉटलवर सरळ-समतल ट्रिम करून घ्यावे. मग त्याला ४५ अंशांच्या चढावर नेऊन अर्धा रोल देऊन उलटे करावे आणि एलिव्हेटरची काडी सोडावी. ते त्याच रेषेत पुढे जात राहून हळूहळू वाकले तर गुरुत्वमध्य योग्य आहे. नाक लगेच जमिनीकडे झुकले तर विमान नाकात जड आहे, आणि आणखी वर उचलले गेले तर शेपटीत जड. बॅटरी एका वेळी पाच मिलिमीटरच सरकवून चाचणी पुन्हा घ्यावी. मोटरचा झुकाव पाहण्यासाठी पूर्ण थ्रॉटलवर सरळ उभे चढवतात. वर जाताना विमान सातत्याने डावीकडे कलत असेल तर मोटरच्या मागे वॉशर घालून उजवा झुकाव वाढवतात. नाइफ-एजमध्ये केवळ रडर दिला असता विमान चाकांकडे किंवा कॅनोपीकडे (वरच्या काचेकडे) ओढत असेल तर रडर-एलिव्हेटर मिक्सची वेळ येते, पण ती गुरुत्वमध्य पक्का झाल्यावरच. पहिल्या दिवशी मिक्स लावणाऱ्याला नंतर बॅटरीची जागा बदलली की सारे आकडे पुन्हा घ्यावे लागतात.

बॅटरी : सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला असतो आणि उड्डाणानंतर विश्रांतीत तो ३.७ च्या खाली गेलेला नसावा. वरच्या उदाहरणातील विमान सरासरी १५ अँपिअर खेचते असे धरल्यास क्षमतेच्या ८० टक्क्यांवर सात मिनिटे मिळतात. रेडिओवरचा टायमर सहावर लावावा. न वापरता ठेवायची बॅटरी ३.८ ते ३.८५ व्होल्टला ठेवतात. मे महिन्यात उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेली भरलेली लिपो फुगते, प्रसंगी पेटते. याउलट निफाडकडे हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा थंड बॅटरीचा अंतर्गत रोध वाढून पहिल्याच उभ्या चढात व्होल्टेज कोसळते. पहाटे उडवणारे म्हणूनच बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ऊबेत ठेवतात.

जागा आणि नियम : नाशिकचे विमानांशी नाते जुने आहे. ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६० च्या दशकापासून मिग विमाने आणि पुढे सुखोई-३० बनवत आला आहे. मात्र ओझरची धावपट्टी, गांधीनगर येथील लष्करी हवाई तळ, देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण विद्यालय व त्याचे गोळीबाराचे मैदान आणि नाशिकरोडची नोट व प्रतिभूती मुद्रणालये यांमुळे शहराभोवतीची बरीच हवा मॉडेल विमानाला मोकळी नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानाला प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे; तरी जागा हिरव्या (उड्डाणाला मुभा असलेल्या) क्षेत्रात आहे का हे अधिकृत हवाई नकाशावर आधी पाहणे बंधनकारक समजावे. हिरव्या क्षेत्रातही मर्यादा १२० मीटर म्हणजे ४०० फूट उंचीची आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळ परिसरात स्थलांतरित पक्ष्यांमुळे विमान नेऊ नये.

उन्हाळी कांदा निघाल्यानंतरची मोकळी रानेच बहुतेकांच्या कामी येतात, अर्थात मालकाची परवानगी घेऊन. काळ्या जमिनीला तेव्हा भेगा पडलेल्या असतात आणि लहान चाक त्यात अडकून विमान नाकावर पालथे होते, म्हणून ६० ते ७० मिलिमीटरची चाके लावावीत किंवा चाके काढून हाताने फेकून सोडावे व गवतात पोटावर उतरवावे. शेजारी द्राक्षबाग असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूस ती येणार नाही अशी जागा निवडावी. मांडवाच्या तारांत शिरलेल्या विमानापेक्षा तुटलेल्या द्राक्षकाड्यांची भरपाई महाग पडते. वारा बहुधा सकाळी आठ-नऊपर्यंत शांत असतो आणि दुपारी पश्चिमेकडून वाढत जातो, त्यामुळे ट्रिमच्या चाचण्या सकाळीच उरकतात. संक्रांतीच्या आठवड्यात येवल्यात तीन दिवस आणि थोड्याफार प्रमाणात जिल्हाभर आकाश पतंगांनी भरलेले असते. बंदी असूनही वापरला जाणारा नायलॉन मांजा प्रॉपमध्ये गुंडाळला जाऊन मोटर जागीच अडकवतो, तेव्हा या दिवसांत विमान घरीच ठेवतात.