लॅपटॉपवर १.३० गिगाहर्ट्झ लिहिलंय म्हणजे मशीन स्लो आहे का?

नवीन लॅपटॉप घरी नेला, सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तिथे १.३० गिगाहर्ट्झ दिसलं की दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात फोन येतो, "अहो, माझा जुना पीसी ३ गिगाहर्ट्झचा होता, तुम्ही मला निम्म्याहून कमी स्पीडचं मशीन दिलंत की काय?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन असतोच. आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, कष्टाचे पन्नास हजार घातल्यावर माणूस विचारणारच. म्हणून हे पत्रक, घ्यायच्या आधीच वाचून घ्या.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाचे ठोके, १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी. पण एका ठोक्यात काम किती उरकतं ते या आकड्यात कुठेच येत नाही, सगळी गोम तिथे आहे.

स्लॅब टाकताना बघितला असेल, मिक्सरपासून वरपर्यंत माणसं रांगेत उभी असतात आणि घमेली हातोहात वर जातात. रांगेत माणसं वाढवली की प्रत्येकाला थोडंसंच वळावं लागतं, हात भराभर चालतात, रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं काय जोरात काम चाललंय. पण वरून ओरडा आला की हा माल नको, दुसरा पाठवा, तर रांगेतली सगळी घमेली परत रिकामी करायची, आणि रांग जितकी लांब तितकं नुकसान जास्त. प्रोसेसरमध्येही काम असंच टप्प्याटप्प्याने पुढे सरकतं, आणि तिथे हे सारखं होत असतं कारण पुढे कुठलं काम येणार याचा अंदाज बांधून तो आधीच माल भरत राहतो, अंदाज चुकला की भरलेलं सगळं टाकून द्यायचं.

प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने पेंटियम ४ मध्ये नेमकी ही रांग लांबवली होती. पेंटियम ३ मध्ये साधारण १० टप्पे होते, नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्ये २० झाले, आणि २००४ च्या प्रेस्कॉटमध्ये, म्हणजे पेंटियम ४ च्याच पुढच्या आवृत्तीत, तर ३१. स्पीडचा आकडा वाढत ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला पण गरमही तेवढंच व्हायला लागलं, आणि ठरलेलं ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल कंपनीने २००४ मध्येच रद्द केलं. मग २००६ ला इंटेलचाच कोअर २ डुओ आला, त्याचं २.४ गिगाहर्ट्झचं मॉडेल या ३.८ वाल्याला आरामात मागे टाकायचं, वीजही कमी खायचं. इंटेलची स्पर्धक एएमडीने तर २००१ मध्येच आपल्या अ‍ॅथलॉन एक्सपीवर खरे गिगाहर्ट्झ लिहायचं सोडून दिलं होतं, १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपचं नाव १८००+ ठेवलं, कारण नुसता आकडा बघून गिऱ्हाईक पेंटियमकडे जायचं. म्हणजे हा गोंधळ आजचा नाही.

आता तुमच्या १.३० कडे येऊ. कोअर आय५ १२३५यू हा प्रोसेसर घ्या. १.३० हा त्याच्या मोठ्या कोअरचा (कोअर म्हणजे चिपच्या आत प्रत्यक्ष काम करणारा भाग) बेस स्पीड, म्हणजे १५ वॅटच्या हिशोबात सतत जमेल असा खालचा आकडा. काम पडलं की तो ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. खरं वाटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा आणि एखादी मोठी फाईल उघडताना स्पीडचा आकडा बघत राहा, डोळ्यांदेखत उड्या मारतो.

त्याच्या शेजारी स्वस्तातला सेलेरॉन एन४०२० ठेवला तर त्यावर १.१० लिहिलेलं असतं. बघणारा म्हणतो ०.२ चाच फरक आहे, कशाला जास्त पैसे घालायचे. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात आणि आम्हाला मनापासून वाईट वाटतं, कारण सेलेरॉनमध्ये कोअर २, कॅशे (चिपच्या आतली झटपट मेमरी) ४ एमबी आणि धाव २.८ पर्यंतच, आय५ मध्ये कोअर १० (२ मोठे, ८ छोटे) आणि कॅशे १२ एमबी. पोराच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो सेलेरॉन घेऊन गेलेला माणूस सहा महिन्यांत परत येतो आणि तेव्हा पैसे दुप्पट गेलेले असतात.

४.४ सुद्धा कायम मिळत नाही बरं का. एकदम पातळ लॅपटॉपमध्ये गरम हवा बाहेर जायला जागाच कमी, त्यामुळे तोच प्रोसेसर एका मशीनमध्ये जोरात पळतो आणि दुसऱ्यात थोड्या वेळाने ढेपाळतो. व्हिडिओ एक्सपोर्टसारखं अर्धा-अर्धा तास चालणारं काम असेल तर पंखे आणि बॉडी बघून घ्या. आणि जुन्या हार्डडिस्कवर टॅली रखडत असेल तर प्रोसेसर न बदलता आधी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी जलद डिस्क) टाकून बघा, तेवढ्यानेच बऱ्याच जणांचं काम भागतं.

गिगाहर्ट्झ अगदीच बिनकामाचे नाहीत, एकाच पिढीतले एकाच घरातले दोन प्रोसेसर असतील तर जरूर बघा, पण तिथेही आय५ १२४०० चे ४.४ आणि १२५०० चे ४.६ यातला फरक रोजच्या वापरात जाणवत नाही, ते पैसे रॅममध्ये घाला.

दुकानात येताना तुमची रोजची जड फाईल पेनड्राइव्हवर घेऊन या, कोरलची असो की एक्सेलची. काउंटरवर दोन-तीन मशीन चालू ठेवलेली असतात, त्यांच्यावर ती स्वतः उघडा, घड्याळ लावून बघा, मग ठरवा.