आधी कागद, मग सरकार, शेवटी ठेवीदार : सायबर सुरक्षा धोरणाची पार्श्वभूमी

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट डेबिट कार्डं देशोदेशीच्या एटीएममध्ये चालत होती. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले आणि भारतातून अडीच कोटी. भारतातल्या ज्या शहरांत ही कार्डं वापरली गेली, त्यात आपलं कोल्हापूर होतं. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेच्या, मार्गानं आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांवर गेला.

एटीएमनं एवढे पैसे दिले कसे? आपण कार्ड घातलं की मागणी बँकेच्या स्विचमार्फत, म्हणजे मागण्या पुढं पोचवणाऱ्या संगणकामार्फत, कोअर बँकिंगकडे, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या मुख्य यंत्रणेकडे जाते, तिथं शिल्लक तपासली जाते आणि मग होकार येतो. चोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून मध्येच एक खोटा स्विच उभा केला होता. मागणी खऱ्या खात्यापर्यंत पोचतच नव्हती आणि होकार मात्र दर वेळी मिळत होता. म्हणून ग्राहकांच्या खात्यातला रुपयाही हलला नाही, फटका थेट बँकेला बसला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं पुढं या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. इथं कार्डं घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं मात्र साधी कमिशनवर काम करणारी होती. पुण्याच्या न्यायालयानं २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली.

एवढ्या मोठ्या चोरीच्या वेळी देशात माहिती तंत्रज्ञान कायदा येऊन १८ वर्षं झाली होती आणि राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण येऊन पाच. तरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची स्वतंत्र चौकट नव्हती. ती का नव्हती, हे समजायचं तर कोणाच्या रक्षणाचा विचार कोणत्या क्रमानं झाला ते पाहावं लागतं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करता येते. १९९८ मध्ये पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणेच्या खोऱ्यातली ७० गावं संगणकानं जोडायची, गावातल्या बूथवर शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनाची पावती आणि बिलाचा हिशेब बघता यावा, अशी ती कल्पना. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराचं जाळं आधीपासून होतं, म्हणून दिल्लीनं ही जागा निवडली. काही वर्षांनी तिथंच संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर हीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला. मला या प्रकल्पाचा आजही अभिमान वाटतो. संगणक शेतकऱ्यापर्यंत न्यायचा, ही ओढ त्यात खरी होती.

त्याच वर्षी मे महिन्यात वाजपेयी सरकारनं माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं आणि कायद्याच्या हालचालींना वेग आला. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगानं १९९६ मध्ये ई-कॉमर्ससाठी जो नमुना कायदा केला होता, त्याच्या धर्तीवर तो बेतलेला होता. संगणकावरचा दस्त कागदी दस्ताइतकाच ग्राह्य, डिजिटल सही ही सहीच, हा त्याचा गाभा. म्हणजे रक्षण आधी कागदाचं झालं. हॅकिंगचं कलम होतं, पण दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं किंवा बँकेचा माणूस असल्याचं भासवून ऑनलाइन फसवणं यासाठी त्यात वेगळी कलमं नव्हती.

आणि एक अट अशी होती की तिचा फटका जिल्ह्याला सगळ्यात जास्त बसला. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास डीवायएसपी किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानंच करायचा. एका डीवायएसपीच्या हाताखाली किती पोलीस ठाणी आणि किती बंदोबस्त असतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. हा अधिकार पोलीस निरीक्षकापर्यंत खाली आणायला २००९ साल उजाडलं.

ती दुरुस्ती ज्या घाईत झाली तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. २६/११ च्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये दुरुस्ती विधेयक दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून जवळपास चर्चेविना पार झालं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. ओळख चोरणं, तोतयेगिरीनं फसवणं यांची कलमं तेव्हा आली. त्यांच्याबरोबरच सायबर दहशतवादाचं कलम, संदेश अडवून वाचण्याचे व्यापक अधिकार आणि ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकण्याला गुन्हा ठरवणारं, पुढं बदनाम झालेलं कलम ६६अ सुद्धा आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द केलं. माझ्या मते या दुरुस्तीत सरकारनं स्वतःच्या रक्षणाला जेवढी जागा दिली, तेवढी सामान्य माणसाला दिली नाही.

नुकसानभरपाईची वाट पाहिली तरी तेच दिसतं. कायद्यानुसार पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव करतात, म्हणजे कोल्हापूरच्या माणसानं मंत्रालय गाठायचं. त्यावरचं अपील न्यायाधिकरणाकडे. त्या न्यायाधिकरणाला २०११ पासून अध्यक्षच नव्हता, आणि २०१७ मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन करण्यात आलं. सहा वर्षं अपिलाचं दार असून नसल्यासारखं होतं.

तिसरा टप्पा महत्त्वाच्या यंत्रणांचा. सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्राची संस्था सर्ट-इन २००४ पासून काम करत होतीच. जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेची पाळत उघड केली आणि २ जुलैला भारताचं पहिलं राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झालं. पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ तयार करू, असं त्यात म्हटलं होतं. त्यासाठी पैसा किती आणि तो कोण देणार, हे मात्र त्यात नव्हतं. जानेवारी २०१४ मध्ये वीज, बँकिंग, दूरसंचार अशा यंत्रणांच्या रक्षणासाठी वेगळं राष्ट्रीय केंद्र आलं. त्याची गरज किती खरी होती हे जून २०१७ मध्ये दिसलं, जेव्हा नॉटपेट्या मालवेअरनं न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडवलं.

आता ठेवीदार. रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांसाठी सायबर चौकट २ जून २०१६ ला आणली. नागरी सहकारी बँकांसाठीची मूलभूत चौकट आली ती १९ ऑक्टोबर २०१८ ला, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. वर्षभरानं, ३१ डिसेंबर २०१९ ला, चार पायऱ्यांची सविस्तर नियमावली आली. बँकेचा डिजिटल पसारा जेवढा मोठा, तेवढी अट कडक. अगदी छोट्या बँकेनंही स्वतःचं ईमेल डोमेन ठेवायचं आणि कोअर बँकिंगमध्ये शिरताना दुहेरी पडताळणी करायची, एवढं तरी त्यात बंधनकारक झालं.

पोलिसांच्या बाजूनं २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी राज्यात जिल्ह्याजिल्ह्यात सायबर लॅब सुरू झाल्या. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं उद्घाटन झालं आणि पुढच्या वर्षी हेल्पलाइन आली, आधी १५५२६०, नंतर १९३०. माझ्या दृष्टीनं या पंचवीस वर्षांतली सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना वीजबिलाच्या नावानं लिंक आली आणि ४० हजार गेले. त्यांच्या मुलानं वीस मिनिटांत १९३० ला फोन लावला. पैसे ज्या दुसऱ्या खात्यात गेले होते तिथं २७ हजार होल्ड झाले, उरलेले पुढच्या खात्यातून कोणीतरी एटीएमनं काढून घेतले होते. होल्ड झालेली रक्कम हातात पडायला न्यायालयाचा आदेश लागला, त्यात पाच महिने गेले. पण त्या वीस मिनिटांचे तास झाले असते, तर तेही राहिले नसते.

याच काळात राज्यसत्तेचा दुसरा हातही आपण पाहिला. ७ जून २०२३ ला शहरात समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून तणाव पेटला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. असे आदेश तेव्हा २०१७ च्या नियमांखाली निघत आणि ते प्रसिद्ध करावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्येच बजावलेलं आहे. शांतता राखणं हे सरकारचं कामच आहे. पण भाजीवाल्यापासून गुजरीतल्या सराफापर्यंत सगळे क्यूआर कोडवर आलेल्या शहरात नेट बंद म्हणजे गल्लाही बंद, याचा हिशेब अशा आदेशात दिसायला हवा.

२०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम २२,८४५ कोटी असल्याचं केंद्रानं संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी ती ७,४६५ कोटी होती. नवं राष्ट्रीय सायबर धोरण लवकरच येईल, असं १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून सांगण्यात आलं होतं.

आणि या सगळ्या चौकटींच्या बाहेर उभ्या आहेत आपल्या पतसंस्था. त्या रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, सहकार खात्याखाली येतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. गेल्या वर्षी एका पतसंस्थेत कामासाठी बसलो होतो. दुपारी पिग्मी एजंट आले, छोटं मशीन केबलनं संगणकाला जोडलं आणि दिवसाची वसुली उतरवली. क्लार्क मुलीनं लॉगिन केलं ते ज्या नावानं, ते शाखाधिकारी आदल्या दिवाळीला निवृत्त झाले होते. शाखेतले तिघंही कर्मचारी त्याच नावानं काम करत होते. व्यवहार कोणी केला हे नंतर कसं कळणार, असं मी विचारलं. तिनं लेखापरीक्षणाची फाइल काढून दाखवली. रोख शिल्लक, थकबाकी, तारण, सगळ्यावर शेरे होते. संगणकाबद्दल त्यात एकही ओळ नव्हती.