गॅस्टॉर्निस घोडे खात नव्हता

इवल्याशा आदिम घोड्यांचा फडशा पाडणारा दोन मीटर उंच, आता नामशेष झालेला पक्षी, हे गॅस्टॉर्निसचं चित्र अनेक वर्षं फिरतंय. चित्र झकास आहे, पण चुकीचं.

याची हाडं १८५५ साली पॅरिसजवळ मिळाली. पुढे अमेरिकेत वायोमिंगमध्ये जवळजवळ अख्खा सांगाडा सापडला (तिकडचं नाव डायाट्रिमा), आणि ती अवाढव्य चोच बघून 'हा शिकारीच' असं ठरून गेलं. पण चोचीचं टोक बघा ना! गरुडासारखा आकडा नाही. मांस फाडणार कशाने? पायही जाडजूड, पाठलागाचे नव्हेत. वॉशिंग्टन राज्यात २००९ साली दरड कोसळून जे ठसे उघडे पडले, ते बहुधा याच्या गोतावळ्यातले. त्यांतही शिकारी पक्ष्याच्या वाकड्या नख्या दिसत नाहीत. सगळ्यात वजनदार पुरावा हाडांच्या रसायनातला आहे: जर्मनीतल्या गाइझलटालच्या जीवाश्मांतलं कॅल्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण शाकाहारी प्राण्यांशी जुळतं. म्हणजे चोच बहुधा कठीण फळं-बिया फोडायची. जवळचे नातलगही कोण, तर बदकं-कोंबड्या!

मांसाहारी 'टेरर बर्ड' (असेच नामशेष झालेले, न उडणारे मोठे शिकारी पक्षी) खरेच होते. पण ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतले, आणि कूळही वेगळं.