म्युरन

स्वित्झर्लंडच्या बर्न कँटनमधील (प्रांतातील) आल्प्स पर्वतातले एक लहान गाव. लाउटरब्रुनन दरीच्या पश्चिमेकडील उभ्या कड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून १,६३८ मीटर उंचीवर ते वसले असून दरीचा तळ तेथून सुमारे ८०० मीटर खाली आहे. कायमची लोकसंख्या साडेचारशेच्या आसपास आहे. पाहुण्यांसाठीच्या खाटा मात्र त्याच्या कितीतरी पट आहेत.

पर्यटकांच्या मोटारी गावात येत नाहीत, त्या खाली दरीतच उभ्या कराव्या लागतात, आणि येथील जगण्याचे बहुतेक सारे विशेष या एका गोष्टीतून उलगडतात. लाउटरब्रुननहून रज्जुमार्गाने ग्र्युत्शाल्पला चढायचे आणि तेथून कड्याच्या काठाने धावणाऱ्या छोट्या रेल्वेने गावात शिरायचे, ही जुनी वाट १८९१ मध्ये सुरू झाली. तिचा खालचा टप्पा २००६ पर्यंत रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीचा होता. दुसरी वाट श्टेखेलबेर्गहून रज्जुमार्गाने येते. दूध, पीठ, बांधकामाचे सामान, पाहुण्यांच्या बॅगा असे सगळे याच दोन वाटांनी वर चढत असल्यामुळे जोराच्या वाऱ्यात पाळणा थांबला की त्याची झळ रहिवाशाला पर्यटकाच्या आधी बसते.

येथे मध्ययुगात वस्ती केली ती लोच्छेन दरीतून हिमनद्या ओलांडून आलेल्या जर्मनभाषक पशुपालकांनी. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांवर नेणे, तेथेच चीज बनवणे आणि हिवाळ्यासाठी चढणीवरचे गवत कापून ठेवणे हा क्रम पुढे शतकानुशतके चालला. गडद लाकडी घरांच्या भिंतींना टेकवून रचलेल्या सरपणाच्या नेटक्या राशी आजही दिसतात आणि हिवाळ्याची ही तयारी केवळ शोभेची नाही.

गावाचे नशीब बर्फाने पालटले. हेन्री लन या इंग्रज प्रवासव्यावसायिकाच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी हिवाळी पर्यटन सुरू झाले. त्याचा मुलगा आर्नल्ड लन याने १९२२ मध्ये येथे स्कीवरून काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याची आधुनिक स्लालम शर्यत भरवली. शिल्टहॉर्नवरून (२,९७० मीटर) खाली येणारी इन्फर्नो शर्यत १९२८ पासूनची आहे, तर आल्पाइन स्कीइंगचे पहिले जागतिक अजिंक्यपद १९३१ मध्ये याच गावात पार पडले. एवढ्याशा वस्तीने एका जागतिक खेळाला आकार दिला, ही गोष्ट येथल्या देखाव्याइतकीच आवर्जून सांगण्यासारखी आहे.

देखावाही असामान्य आहे. डावीकडून आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर) ही शिखरे ओळीने दिसतात, आणि त्यांच्या पुढे, दरीपलीकडे, श्वार्झम्योंखचा काळा कडा इतका जवळ भासतो की मधली खोल दरी क्षणभर विसरायला होते. युंगफ्राउयोख या उंच खिंडीतल्या रेल्वेस्थानकाला जाणारे मराठी प्रवासी बहुधा लाउटरब्रुनन किंवा ग्रिंडेलवाल्डवरूनच पुढे जातात. हाताशी एक मुक्काम असेल तर तो येथे करावा. हिमक्रीडांसाठी डिसेंबर ते मार्च आणि पायवाटांसाठी जून ते सप्टेंबर हा काळ सोयीचा आहे. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरात अनेक हॉटेले बंद असतात व रज्जुमार्गांची देखभालही त्याच सुमारास होते, म्हणून त्या दिवसांत जाणाऱ्याने वाहतुकीची चौकशी आधी करून ठेवावी.