कामावरील अपघाताची नुकसानभरपाई (खानदेश)

काम करताना इजा झालेल्या मजुराला, आणि तो दगावल्यास त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना, मालकाने द्यावयाची रक्कम. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत असे दावे जिनिंग, दालमिल, बांधकाम आणि ऊसतोडीतून उभे राहतात. त्यांचा पाया १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असलेल्या कामगाराला मात्र त्या योजनेतूनच लाभ मिळतो.

मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे या दाव्याचे बळ. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात घडला एवढे दाखवले की पुरे. १९२३ च्या कायद्याचा हिशेब असा: जिनिंगमध्ये पंचवीस वर्षांच्या मजुराचा अंगठा तुटला. अंगठा गेल्याने कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात. पगार १५,००० रुपये. त्याचे ६० टक्के ९,०००. त्याला कायद्याने वयानुसार ठरवलेल्या गुणकाने, २१६.९१ ने, गुणून ३० टक्के काढले की ५,८५,६५७ रुपये होतात. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, शिवाय सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड.

घोडे अडते ते ‘हा आमचा माणूसच नाही’ या उत्तरापाशी. हजेरी मुकादमाच्या वहीत, मजुरी रोखीने, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ‘घरी पडला’ अशी नोंद. ती पहिली नोंद पुढे फार महागात पडते. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. खर्चापाण्याचे चार पैसे हातात ठेवून ‘तक्रार नाही’ असे लिहून घेतलेल्या कागदाने हक्क बुडत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाईची रक्कम असे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडेच जमा करावी लागते; परस्पर दिलेली रक्कम भरपाईत धरत नाहीत. महाराष्ट्रात आयुक्तांचे हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात.

अक्कलकुवा-धडगावकडचे मजूर उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी मोलाची तरतूद म्हणजे दावा अपघाताच्या ठिकाणीच लावण्याचे बंधन नाही. राहत्या भागातील आयुक्तांकडेही तो लावता येतो. जुन्या कायद्यात त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. सबळ कारण असल्यास आयुक्त उशीर माफ करू शकत.