योर्डान (ॲमस्टरडॅम)

योर्डान ही ॲमस्टरडॅमच्या जुन्या शहराच्या पश्चिमेकडची वस्ती, प्रिन्सनख्राख्त या मोठ्या कालव्याच्या पलीकडची. ख्राख्त म्हणजे शहरातला कालवा, हा एक डच शब्द लक्षात ठेवला की इथला नकाशा निम्मा कळतो.

1612-13 च्या सुमारास शहर वाढवायला घेतलं तेव्हा व्यापाऱ्यांसाठी प्रशस्त कालव्यांचा पट्टा आखला आणि त्याला लागूनच कारागीर, मजूर, बाहेरून आलेले लोक यांच्यासाठी योर्डान. पण इथे खर्च वाचवला, शेतांमधले जुने चर होते तेच रुंद करून कालवे केले आणि बांधांच्या जागी गल्ल्या, त्यामुळे या भागाच्या रेषा शेजारच्या श्रीमंत पट्ट्याला तिरक्या जातात आणि आजही नकाशात ते लगेच डोळ्यात भरतं. जमीनही तिकडच्यासारखी भराव टाकून उंच केली नाही. पाणी साचायचं, त्यात कातडी कमावणारे आणि रंगारी आपलं सांडपाणी सोडायचे, म्हणजे वास किती असेल याची कल्पना करा. लोयर्सख्राख्त हे नावच चांभारकामासाठी कातडं कमावणाऱ्यांवरून पडलंय.

बाकीची बरीच नावं मात्र फुलाझाडांची. रोझनख्राख्त म्हणजे गुलाबाचा, लिंडनख्राख्त म्हणजे लिंडन झाडांचा. त्यावरूनच योर्डान हे नाव फ्रेंचमधल्या बागेच्या शब्दावरून आलं असं बरेच जण मानतात (फ्रान्समधून पळून आलेले प्रोटेस्टंट इथे राहायचेच), काहीजण जॉर्डन नदीशी नातं जोडतात.

गरिबांची वस्ती म्हणून इथे फक्त गरिबीच होती असं अजिबात नाही. ब्लूमख्राख्तवर 1637 मध्ये ब्लाऊ घराण्याचा छापखाना सुरू झाला, त्या काळातले सगळ्यात देखणे नकाशे या घराण्याने छापलेत. दिवाळं निघाल्यावर चित्रकार रेम्ब्रांट रोझनख्राख्तवर भाड्याने राहायला आला आणि 1669 मध्ये तिथेच वारला. आणि हॉफ्ये! म्हणजे मधल्या अंगणाभोवती बांधलेली छोटी घरं, मुख्यतः निराधार बायकांसाठी धर्मादाय म्हणून. 1650 चं कार्टहाउझरहॉफ अजून उभं आहे.

एकोणिसाव्या शतकात गर्दी वाढत गेली आणि 1900 च्या आसपास इथे साधारण 80,000 माणसं राहत होती, आज तिथेच 20,000 च्या आसपास आहेत. एका खोलीत अख्खं कुटुंब, तळघरातही बिऱ्हाडं. घाण पाण्याला उपाय म्हणून एकेक कालवा बुजवला, 1861 मध्ये आन्येलीर्सख्राख्त बुजवून वेस्टरस्ट्राट झाला, 1889 मध्ये रोझनख्राख्त गेला, 1895 मध्ये लिंडनख्राख्त. अरुंद गल्ल्यांमधून चालताना अचानक एखादा रस्ता भलताच रुंद लागला तर समजायचं, इथे पाणी होतं.

लिंडनख्राख्तवर पाणी असतानाच 1886 चा वाम मासळीचा दंगा झाला. कालव्यावर आडवी दोरी बांधून तिला जिवंत वाम लटकवायची आणि होडीतून ती ओढून काढायची, हात निसटला की माणूस पाण्यात, असा तो खेळ. त्यावर बंदी होती. 25 जुलैला पोलिसांनी दोरी कापली, लोक खवळले, दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळ्या झाडल्या आणि 26 जण मेले. एका माशासाठी कोणी एवढं पेटत नाही, आधीच दबलेल्या लोकांची एकुलती एक करमणूकही काढून घेतली गेली होती. 1934 मध्ये बेकारभत्ता कापल्यावर परत असाच भडका उडाला. आणि 24 फेब्रुवारी 1941 ला नोर्डरमार्क्त चौकात सभा झाली, ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध दुसऱ्या दिवशी शहर बंद पडलं, नाझींच्या ताब्यातल्या शहरात! या वस्तीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा मान हाच.

युद्धानंतर बराचसा भाग पाडून नवीन बांधायचे बेत होते, रहिवाशांनी विरोध केला आणि 1970 च्या दशकात पाडण्याऐवजी दुरुस्तीचं धोरण आलं. घरं वाचली, पण पुढे ती एवढी महाग झाली की जुनी कामगार कुटुंबं आल्मेरे, पुर्मेरेंडसारख्या गावांकडे गेली. त्यांची रडवणारी गाणी मात्र इथल्या कॅफेंमध्ये अजून गातात, ती गाणारे जॉनी योर्डान (1924-1989) आणि टांटे लेन यांचे पुतळे एलांड्सख्राख्तच्या तोंडाशी आहेत.

घरांच्या भिंतीतले कोरीव दगड बघायला विसरू नये. पूर्वी घरनंबर नव्हते, ओळख दगडावरून. ब्लूमख्राख्तवर शेजारी शेजारी तीन घरांवर शहरी माणूस, शेतकरी आणि खलाशी आहेत. लिंडनख्राख्तवरच्या एका दगडात मासे झाडावर दिसतात आणि कालव्याचं नाव उलट्या अक्षरांत कोरलंय, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब असल्यासारखं. समोर आता दर शनिवारी बाजार भरतो.